सांगितलं की फोन जातो

भाचा सातवीत होता तेव्हाची गोष्ट. दिवाळीला मी बहिणीकडे कराडला गेले होते आणि अंगणात किल्ला चालला होता. म्हणजे किल्ला तो करत होता, मी नुसती माती भिजवून देत होते. बुरूज थापता थापता, मान वर न करता त्यानं विचारलं, "मावशी, पैसे घ्यायला पण पिन टाकावा लागतो का गं?"

"नाही रे. द्यायलाच लागतो."

तो गप्प झाला. हात मातीत तसेच. मग तासाभरात, तुकड्या-तुकड्यांनी, सगळं बाहेर आलं. बंदुकांच्या एका मोबाइल खेळात त्याच्या टोळीत एक 'दादा' होता. तीन महिने रोज संध्याकाळी बरोबर खेळायचा, इअरफोनमधून गप्पा मारायचा, 'भावा' म्हणायचा. तो म्हणाला, तुला भारीतली स्किन, म्हणजे खेळातल्या गड्याचा पोशाख, घ्यायला पैसे पाठवतो, तुझ्या आईच्या फोनवर रिक्वेस्ट येईल, तिथं पिन टाक. पिन भाच्याला पाठच होता. किराणावाला, पिठाची गिरणी, दूधवाला, सगळीकडे आईचा फोन घेऊन स्कॅन करणारा तोच. त्यानं पिन टाकला आणि खात्यातून अठराशे पन्नास रुपये गेले. बँकेचा मेसेज त्यानं पुसून टाकला. दोन दिवसांनी दादानं आणखी पाचशे मागितले, आणि दिले नाहीस तर तुझ्या आईला सांगतो म्हणाला.

या सगळ्याला अकरा दिवस झाले होते. अकरा दिवस पोरगा घरात वावरत होता, चकलीचा सोऱ्या फिरवत होता, आकाशकंदिलाला दोरी बांधत होता, आणि आम्हा कुणाला पत्ता नव्हता. आईला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. तो लगेच म्हणाला, जणू यात विचारण्यासारखं काय आहे, "सांगितलं की फोन जातो."

आणि झालंही तसंच. मी बहिणीला बाजूला घेऊन सांगितलं, तर तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते "आण तो फोन इकडे." दुसरं वाक्य, "तरी मी सांगत होते." माझी बहीण चांगली आई आहे. तिच्या जागी मी असते तर हेच बोलले असते. नंतर आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन केला. पण तिथं तासांचा हिशेब असतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जाण्याआधी कळवलं तर ते वाटेत अडवता येतात. अकरा दिवसांनी काय अडवणार?

आपल्याकडे मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेवर बोलणं निघालं की गाडी दोनच रुळांवर धावते. फोन किती तास द्यायचा आणि कितव्या वर्षी द्यायचा. पालकसभेत, लग्नात, एसटीत, सगळीकडे हेच. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच पहिला हवा: मूल येऊन काही सांगतं त्या क्षणी त्या घरात काय होतं? मुलाला फसवणारा माणूस, मग तो पैशासाठी असो की फोटोसाठी, आपल्या घरातल्या याच सवयीवर धंदा करतो. त्या दादाकडे धमकी म्हणून दुसरं होतं काय? 'तुझ्या आईला सांगतो' एवढंच. आई ही ज्या घरात धमकी होऊ शकते, त्या घरात कुठलंही ॲप टाका, कुठलंही कुलूप लावा, उपयोग बेताचाच.

मुलं अगदीच बावळट असतात असंही नाही. 'असर' या मुलांच्या शिक्षणावरच्या सर्वेक्षणाचा २०२४ चा अहवाल ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना फोनबद्दल विचारतो. स्मार्टफोन वापरता येतो असं ८२ टक्क्यांहून जास्त मुलं सांगतात. त्यांच्यातल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. समाजमाध्यम वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांना नको त्या माणसाला ब्लॉक कसं करायचं किंवा त्याची तक्रार कशी करायची हे ठाऊक होतं, ५५ टक्क्यांना प्रोफाइल खाजगी करता येत होती. हा प्रश्न त्यांच्या आईबापांना विचारला असता तर काय आकडा आला असता कोण जाणे. बटण कुठं आहे हे पोरांना माहीत असतं. बटण दाबून झाल्यावर रात्री पोटात जो गोळा येतो, तो घेऊन जायचं कुणाकडे, हे माहीत नसतं.

आता उपायांकडे येते. आपल्याच राज्यात, एकाच वर्षी, दोन गावांनी दोन वेगळे उपाय केले. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. तीन हजारांच्या आसपास वस्ती, ऊस पिकवणारी आणि साखर कारखान्यात काम करणारी माणसं. ऑगस्ट २०२२ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर गावानं सभेत ठरवलं की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, तेव्हा टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे, साडेआठला पुन्हा चालू. कोविडच्या दोन वर्षांत पोरांच्या हातात जे आलं ते सुटेना, म्हणून. सुरुवातीला लोक हसले असणारच. पण ती दीड तासाची गोष्ट देशभर पोचली.

त्याच वर्षाच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बांशी गावानं ग्रामसभेत ठराव केला की १८ वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही.

दोन्ही गावांची कळकळ खरी आहे. पण मला वडगाव पटतं आणि बांशी पटत नाही, आणि कारण साधं आहे. वडगावात भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. बापाचा फोनही बंद होतो, आईची मालिकाही. मुलाला त्यातून एवढं कळतं की ही चीज आम्हा सगळ्यांनाच जड जाते आहे. बांशीच्या ठरावात बंदी फक्त पोरांवर, मोठे मोकळे. मग बंदी मोडून फोन हातात घेतलेल्या पोराचं काही बिघडलं तर ते कुणाला सांगणार? त्याला आधी ठराव मोडल्याची कबुली द्यावी लागेल. जिथं तक्रार करायला आधी गुन्हा कबूल करावा लागतो, तिथं तक्रारी येत नाहीत. गावात सगळं आलबेल आहे असं मात्र वाटत राहतं.

देशाच्या पातळीवर हाच घोळ मोठा होतो. ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब अशा ठिकाणी खातं ठेवायला बंदी केली. पहिल्या महिन्याभरात सुमारे ४७ लाख खाती बंद झाल्याचं तिथल्या सरकारनं सांगितलं. त्यानंतर आपल्याकडेही 'असंच पाहिजे' सुरू झालं. गोव्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी जानेवारी २०२६ मध्ये अशा बंदीचा अभ्यास करत असल्याचं सांगितलं.

त्या कायद्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. दंड मुलाला नाही, आईबापालाही नाही. दंड कंपनीला, आणि तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आपल्याकडच्या चर्चेत नेमका हाच भाग गळतो आणि उरते ती फक्त 'पोरांवर बंदी'.

पण तो कायदा जसाच्या तसा इथं आणला तर तो बहिणीच्या घरात शिरणार कसा? ऑस्ट्रेलियन पोराचा फोन त्याचा असतो, खातं त्याचं असतं. माझ्या भाच्याचा फोन आईचा. त्यावरचं गूगल खातं आईचं, व्हॉट्सॲप आईचं, इन्स्टाग्रामही आईनंच कधीतरी साडीच्या दुकानासाठी उघडलेलं. कंपनीच्या लेखी संध्याकाळी सहा ते आठ या वेळात एक अडतीस वर्षांची बाई बंदुकांचे व्हिडिओ बघत असते. तिला बाईला दाखवायच्या त्या जाहिराती दिसतात, रात्री नको ते रीलही येतात. 'असर' सांगतो की फोन वापरता येणाऱ्या १४ वर्षांच्या ग्रामीण मुलांपैकी साधारण २७ टक्क्यांकडेच स्वतःचा फोन आहे. बाकीच्यांच्या वयाची तपासणी कुणाचा चेहरा बघून करणार? १८ वर्षांखालच्या मुलांसाठी इन्स्टाग्रामनं फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात 'टीन अकाउंट' आणली. खातं आपोआप खाजगी, अनोळखी माणसांचे मेसेज बंद, १६ वर्षांखालच्यांना सैल करायचं तर पालकांची परवानगी. चांगलीच गोष्ट. पण ती आईच्या खात्याला लागू नाही.

आपला २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदाही याच उंबऱ्याला अडखळतो. कायद्याचं कलम ९ वाचायला फार छान आहे. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, मुलाच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्याला नेम धरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाले, पण कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिने आहेत. प्रश्न असा की पालकांची संमती म्हणून जो ओटीपी येणार, तो कुठं येणार? आईच्या फोनवर. आणि फोन कुणाच्या हातात? बारा वर्षांच्या ज्या पोराला आईचा यूपीआय पिन पाठ आहे, तो स्वतःच स्वतःला परवानगी देऊन मोकळा होईल.

म्हणून मला वाटतं, परवानगीचं दार भक्कम करण्यात जेवढी शक्ती जाते, तिच्या निम्मी जरी आतली खोली नीट करण्यात गेली तरी खूप होईल. हे शक्य आहे याचा पुरावा माझ्याकडे भाच्याच्याच गोष्टीत आहे. ज्या 'पैसे मागण्याच्या' रिक्वेस्टनं तो फसला, ती सोय ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींच्या व्यवहारांत बंदच करण्यात आली. आधी वर्षानुवर्षं बँका एसएमएस पाठवून बजावत होत्या की पैसे घ्यायला पिन लागत नाही. लोक फसतच होते, मोठी शिकलेली माणसंही. मग कुणीतरी तो नळच बंद केला. मुलांच्या बाबतीत असे नळ कमी नाहीत. अनोळखी मोठ्या माणसाला लहान मुलाशी खाजगीत बोलता येणं, एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा आपोआप सुरू होणं, खेळात अनोळखी माणसाचा आवाज थेट कानात येणं. हे सगळं कुणाच्या तरी कचेरीत बसून ठरवलेलं असतं आणि तिथंच बदलताही येतं. त्यासाठी मुलाचं वय अचूक कळायचीही गरज नाही. सगळ्यांसाठीच आधी बंद ठेवा, ज्याला हवं तो उघडेल. मोठ्या माणसांचंही काही वाईट होणार नाही.

मुलींचं थोडं वेगळं सांगायला हवं, कारण तिथं सांगण्याची किंमत कितीतरी जास्त असते. त्याच 'असर'च्या आकड्यांत, फोन वापरणाऱ्या मुलांपैकी ३६ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन आहे, मुलींत २७ टक्क्यांकडे. मुलाचा फोन जातो तेव्हा आठवड्याभरानं परत येतो. मुलीचा जातो तेव्हा बरोबर क्लास जातो, मैत्रीण जाते, कधीकधी कॉलेज जातं, आणि घरात स्थळांचा विषय निघतो. कुणी तिचा फोटो दाखवून धमकावत असेल, तर ती हा सगळा हिशेब मनात करते आणि धमकावणाऱ्याचं ऐकत राहते. तो परका माणूस आपल्या बापापेक्षा स्वस्तात सुटका देईल असं तिला वाटतं. तसं कधीच होत नाही. एक फोटो गेला की दुसरा मागितला जातो.

अशा वेळी कायदा आपल्याला वाटतो तेवढा भीतीदायक नाही, हे फार थोड्या घरांत ठाऊक आहे. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात मुलाचा जबाब घ्यायला त्याला पोलीस ठाण्यात बोलवायची गरज नसते. घरी किंवा मूल सांगेल तिथं, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेश न घालता तो घ्यायचा असतो. मुलाची ओळख छापायला, दाखवायला बंदी आहे. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. फोटो पसरायची भीती असेल तर 'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सेवा आहे. तीत फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा एक अंकी ठसा तयार होतो आणि तेवढाच पुढं जातो. त्या ठशावरून फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅटसारख्या सहभागी कंपन्या तो फोटो ओळखून काढतात. या गोष्टी शाळेच्या फळ्यावर, वाचनालयाच्या दारावर, आरोग्य केंद्रात लिहिलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत. 'मोबाइल शाप की वरदान' हा निबंध मात्र अजून सुखरूप आहे.

कायद्याची एक अडचणही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असून न कळवणं हाही गुन्हा आहे. हेतू चांगला, पण यामुळे शिक्षिका, समुपदेशक, डॉक्टर असं ज्याच्यापाशी मूल मोकळं झालं असतं, त्यालाच ऐकताना धास्ती वाटते. त्यात सतरा वर्षांच्या दोघांनी आपखुशीनं एकमेकांना पाठवलेला फोटोही कायद्याच्या त्याच चिमट्यात सापडतो. त्यामुळे ज्याला मदत हवी, तोच आपण आरोपी होऊ या भीतीनं गप्प. यावर संसदेत बोलणं व्हायला हवं. व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर ते होणार नाही.

फॅमिली ग्रुपवरून आठवलं. मुलांचे फोटो जगासमोर मांडायला सगळ्यात पुढं आपणच असतो. बारशापासून सुरुवात. पुढं शाळेच्या गॅदरिंगचे व्हिडिओ, खाली नाव, इयत्ता, तुकडी आणि शाळेचा पत्ता. स्कॉलरशिपचा निकाल लागला की चौकात फ्लेक्स, त्याचा फोटो पुन्हा फेसबुकवर. मग अनोळखी माणसाला आपली माहिती देऊ नकोस, असं त्याच पोराला सांगायचं. त्यात काही काकांना एक खोड असते. कुठल्या मुलीचा नको तो व्हिडिओ आला की 'काय चाललंय बघा समाजात' असं लिहून पुढं ढकलायचा. सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केलं आहे की मुलांच्या लैंगिक शोषणाचं असं साहित्य नुसतं बाळगणंही, ते काढून टाकलं किंवा कळवलं नाही तर, पॉक्सोखाली गुन्हा ठरू शकतं. समाजाची काळजी हा त्यावर बचाव नाही.

बहिणीच्या घरी त्या दिवाळीनंतर एक करार झाला. तो मी लिहून घेतला, कालनिर्णयच्या मागच्या पानावर. सांगितल्याबद्दल फोन जाणार नाही. लपवल्याबद्दल जाऊ शकतो. पिन बदलायचा आणि तो त्याला द्यायचा नाही. भाच्यानं आपलं एक कलम घुसवलं: जेवताना आईचाही फोन बंद. ते कलम सगळ्यात जास्त वेळा मोडलं गेलं आणि दरवेळी त्यानं तारखेवर फुली मारली.

आता तो नववीत आहे. मागच्या महिन्यात शनिवारी रात्री दहाला बहिणीचा फोन आला. वर्गातल्या पोरांच्या ग्रुपवर एक फोटो फिरत होता. त्यांच्याच वर्गातल्या मुलीचा चेहरा, अंग दुसऱ्याच कुणाचं. हल्ली असं करून देणारी ॲप फुकट मिळतात. भाच्यानं तो फोटो पुढं पाठवला नव्हता, येऊन आईला दाखवला होता. बहिणीचा आवाज थरथरत होता, पण तिनं फोन काढून घेतला नव्हता. काय करू, विचारत होती. ग्रुपचं नाव आणि फोटो पहिल्यांदा टाकणाऱ्याचा नंबर कागदावर लिही, मी म्हटलं, फोटो कुणालाही पाठवू नकोस, मलाही नको. शाळेत सोमवारी जाऊ, तक्रार उद्याच करू. पण त्याआधी त्या मुलीच्या घरी कळवायला हवं होतं, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत.

तिच्या आईला बहीण ओळखत होती, भाजीबाजारात भेटतात तेवढीच. फोन लावायच्या आधी आम्ही दोघींनी पहिलं वाक्य ठरवून घेतलं. फोटोबद्दल नंतर. आधी एवढंच म्हणायचं: ताई, तुमच्या मुलीची यात काही चूक नाही, आणि मी पुढं सांगेन ते ऐकून तिचा फोन काढून घेऊ नका.